मदत हवी आहे: कोवळ्या हरणांना वयाप्रमाणे मराठीत वेगळी नावं आहेत का?

नमस्कार मंडळी,

शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट'चा अनुवाद करतेय. चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात आठवडाभर अडकले आहे. राजकन्येनं शिकारीत हरीण मारलंय आणि ते केवढं होतं यावर वाद पेटलाय. पाद्री म्हणतो 'बक ऑफ द फर्स्ट हेड', म्हणजे पाचव्या वर्षातला नर. हवालदार डल हट्टाला पेटलाय की तो 'प्रिकेट'च, दुसऱ्या वर्षातला, बिनफाट्याच्या सरळ शिंगांचा.

फॅलो या युरोपातल्या हरणाची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, त्यामुळे जुने इंग्रज शिकारी नराला दरसाल नवं नाव देत: फॉन, प्रिकेट, सोरेल, सोर, आणि सहाव्या वर्षी पुरता 'बक'. यावर मास्तर होलोफर्निस कविता रचतो. 'सोर' म्हणजे जखमही. तिला 'एल' जोडला की 'सोरेल', आणि रोमन आकड्यांत एल म्हणजे ५०. एका जखमेच्या पन्नास, आणखी एक एल लावला की शंभर! शिवाय 'प्रिकेट'मध्ये टोचणं आहे, चावट अर्थही आहे.

माझ्याकडे 'पाडस' आणि 'शावक' एवढंच. पाडस म्हटलं की माया येते, शिकाऱ्याची नजर जाते. काळवीट चालणार नाही, त्याची शिंगं गळतच नाहीत.

गुरांच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत: गोऱ्हा, खोंड, आणि दातांवरून आदत, दुसा (दोन पक्के दात आलेला), चौसा. ते शब्द माणसांनाही चिकटलेत, माजलेला खोंड, नुसता टोणगा. इंग्रजीत तेच झालंय. 'रॅस्कल' हा शिकाऱ्यांच्या बोलीत कळपातल्या रोडक्या, मारण्याच्या लायकीच्या नसलेल्या हरणाचा शब्द होता, 'बक' म्हणजे पुढे छैलबटाऊ तरुण. म्हणून डलच्या तोंडी "अहो, दुसाच होता तो!" घालावंसं वाटतंय. गावाकडच्या हवालदाराला शोभेल. पण हरणाला दुसा म्हटलेलं तुमच्या कानाला खटकतं का?

विदर्भात किंवा कोकणात कुणाच्या आजोबा-पणजोबांनी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी शिकार केली असेल, तर चितळ-सांबराच्या कोवळ्या नराला ते काय म्हणत? शिंगांवर मखमल असलेल्याला? पारधी बोलीतला शब्द माहीत असेल तर फारच उत्तम. ऐकलेला एखादा शब्दही चालेल, फक्त कुठल्या भागातला ते लिहा.

आणि जनावर नि जखम दोन्ही सांगणारा एखादा शब्द सुचतोय का कुणाला?