जिप्सीला आतून ॲल्युमिनियमचा पत्रा: कामाचा की नसती हौस?

चिखलगाडी
माझी २००४ ची मारुती जिप्सी, १.३ एमपीएफआय, सॉफ्ट टॉप. दाराचे आतले पुठ्ठ्याचे पॅड तीन पावसाळ्यांत पापडासारखे फुगलेत, रेक्झिन लोंबतंय, क्लिपा तर कधीच गेल्या. भोसरीत एकाकडे जाऊन आलो, तो म्हणतो १.६ एमएमचा ॲल्युमिनियम पत्रा लेझरने कापून, कडा वाकवून, पावडर कोटिंग करून देतो. माझं मत, ऑफरोडच्या गाडीला आतून हेच पाहिजे, ट्रेल झाला की पाइप लावायचा, विषय संपला. बोला.

सांधेदुखी
नको रे बाबा. जिप्सी आधीच डबा, त्यात अजून डबा वाजवायचा? मी माझ्या महिंद्राच्या एमएम ५४० जीपला केलं होतं, चार महिने मित्रांनी वाहवा केली आणि नंतर चाळीसच्या वर गेलं की बायकोशी ओरडून बोलायची वेळ आली, शेवटी काढून माळ्यावर टाकले. आणि मे महिन्यात छत उघडं ठेवून त्या पत्र्यावर कोपर टेकवून बघ एकदा.

पत्रेवाला
सांधेदुखी, तुम्ही बसवला कसा ते सांगा आधी. सपाट पत्रा चार पॉप रिव्हेटवर मारला तर ढोलकीच होणार. मध्ये एकदोन उठाव काढायचे, मागून ब्युटाइलची डॅम्पिंग शीट (थरथर दाबणारा चिकट रबरी थर), दाराला टेकतो तिथे फोमची पट्टी, बराच आवाज बसतो. आणि रिव्हनट (पत्र्यात बसणारा आट्यांचा नट) आणि बोल्ट वापरा, नाहीतर काचेची मशीन बिघडली की ड्रिल घेऊन रिव्हेट उडवत बसाल. ॲल्युमिनियमची ग्रेड ५०५२ मागा, ती वाकवायला बरी. ६०६१-टी६ ही कडक ग्रेड कोणी गळ्यात मारत असेल तर नको, घडीवर चिरते. वजनाचं म्हणाल तर १.६ चा ॲल्युमिनियम चौरस मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास, तेवढाच लोखंडी साडेबारा.

खारंवारं
पुण्यात ठीक, देवगडात सांभाळून. ॲल्युमिनियम लोखंडाला टेकलं आणि खारट ओल लागली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, भोकांभोवती पावडर कोटिंग फुगतं, खाली पांढरी भुकटी. माझ्या मागच्या पॅनलचं दोन वर्षांत हेच झालं. आता प्रत्येक बोल्टला नायलॉनचा वॉशर आणि सगळीकडून रबराची पट्टी घालून बसवलेत.

सांधेदुखी
आवाज सोडा, डोक्याचं काय? गाडी एका बाजूला कलली की गुडघा, खांदा, डोकं सगळं दारावर आपटतं, पुठ्ठा निदान दबतो तरी. आणि हे वाचून महिंद्रा थार रॉक्ससारख्या नव्या गाडीवाल्यांनी दारं उघडू नका, तिथे सहा एअरबॅग आहेत, आतलं पॅडिंग विचार करून दिलेलं असतं.

पत्रेवाला
डोक्याचं मान्य, म्हणून तर मी वरची कड मागे दुमडून रबर घालतो. पण जिप्सीच्या पुठ्ठ्याने कोणाचं डोकं वाचलंय म्हणे?

चिखलगाडी
आरटीओचं कुणाला माहितीय?

खारंवारं
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसीवरचे तपशील आणि कंपनीने दिलेली मूळ गाडी यांत फरक पडेल असा बदल नको. २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही हेच धरलं. आतल्या पॅडवरून पावती फाडलेली मी तरी पाहिली नाही, पण सीट काढायच्या भानगडीत पडू नकोस.

पत्रेवाला
अरे हो, पॅड काढलास की मागे प्लास्टिकचा कागद असेल तो फेकू नकोस. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतंच, कागद ते आतल्या बाजूला येऊ देत नाही, मग खालच्या भोकांतून बाहेर जातं.

चिखलगाडी
आत्ता डावं दार उघडलं. कागद नाहीच, मागच्या मालकाने तिथे वर्तमानपत्र चिकटवलंय, त्याचा लगदा झालाय. खालची भोकं चिखलाने बंद, स्क्रूड्रायव्हर घातला तर ग्लासभर काळं पाणी आलं.

सांधेदुखी
म्हणजे पुठ्ठा का फुगला ते कळलं. नवीन कागद लाव आणि शंभर-दोनशेच्या पुठ्ठ्यावर रेक्झिन मारून घे.

पत्रेवाला
कागद लावच, पण माप घेऊन ठेव, पुढच्या पावसाळ्यात बोलू.