मेळघाटातील जुन्या विश्रामगृहाचा ‘विचित्रपणा’

परतवाड्याहून भर पावसात निघून घटांगमार्गे सेमाडोहच्या पुढे मुक्कामाला पोहोचल्यावर विश्रामगृहात जेवण तयार नव्हते आणि न्हाणीघराला बाहेरच्या बाजूनेही दार होते, हे एका प्रवाशाने ‘विचित्र’ म्हणून नोंदवले आहे, त्याविषयी थोडी भर घालावीशी वाटते. अशी जुनी विश्रामगृहे पर्यटकांसाठी नव्हे, तर दौऱ्यावरच्या वनाधिकाऱ्यांसाठी बांधली गेली. साहेबांसोबत शिधा येत असे आणि खानसामा तो फक्त रांधून देत असे, त्यामुळे धान्य-भाजीपाला आपणच न्यायचा हा शिरस्ता काही ठिकाणी अजूनही टिकून आहे. बाहेरचे दार पाणी भरणाऱ्या व सफाई करणाऱ्या नोकरांसाठी असे, म्हणजे त्यांना साहेबांच्या खोलीतून जावे लागू नये. सोय कोणाची पाहिली गेली, हे उघडच आहे! उंच जोते, खोल व्हरांडा आणि शेगडीची भिंत मात्र गाविलगडच्या डोंगरातला पाऊस ओळखूनच योजलेली दिसते.

खरी काळजी रस्त्याची घ्यावी. या भागातली सिपना नदी पुढे तापीला मिळते, पण तिचे खोरे डोंगराळ असल्यामुळे वरच्या भागातील सरींचे पाणी नाल्यांवरच्या बुटक्या फरशी पुलांवरून झपाट्याने वाहू लागते. पुलावर पाणी दिसल्यास गाडी अजिबात घालू नये. परतवाड्यातच पेट्रोल आणि किराणा भरून, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा.