मरायची भीती नसेल तर हॉरर गेम कसला? (स्टिल वेक्स द डीप)

रात्रपाळी
स्टिल वेक्स द डीप हा गेम काल रात्री संपवला. खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, 1975 चा डिसेंबर, स्कॉटलंडजवळच्या समुद्रात तेल काढायचा रिग, आपण कॅझ नावाचा ग्लासगोचा इलेक्ट्रिशियन, मारामारी करून पोलिसांना चुकवत रिगवर येऊन राहिलेला, बायको घरी वैतागलेली. साहेब कामावरून काढून टाकतो आणि त्याच दिवशी ड्रिल खाली कशाला तरी लागतं, ते जे काही आहे ते वर येतं. बरोबर काम करणारी माणसंच बदलायला लागतात. हातात हत्यार नाही, शेवटपर्यंत नाही. लपायचं, पळायचं, पाण्यात उतरायचं. सहाएक तासांत खेळ खल्लास.

आमच्या ग्रुपवर सगळे एकच म्हणालेत, हा गेमच नव्हे, नुसतं चालायचं, मेलं तरी चार पावलं मागनं परत सुरू, मग घाबरायचं कशाला. मला अजिबात पटत नाही. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतो, लहानपणापासून कापड विणणाऱ्या मागांच्या आवाजात झोपलोय. माग बिघडला की डोळ्यांच्या आधी कानाला कळतं, खटखट तीच असते पण मधेच एक ठोका चुकतो आणि झोपलेला माणूस उठून बसतो. हा रिग तसाच बिघडतो. हेडफोन लावून बसलो होतो, लोखंड कण्हतंय, खाली पाणी आदळतंय, आणि मला कळत होतं की हे आता टिकत नाही. त्या आवाजानं जे पोटात आलं ते कुठल्या गेम ओव्हरनं आलं नाही आजवर.

होटगीरोड
भावा आवाज भारी आहे, मान्य. पण भीती म्हणजे काहीतरी गमवायची भीती. 2014 चा एलियन आयसोलेशन गेम घे. सेव्ह करायला भिंतीवरच्या मशीनपाशी जायचं, कार्ड घालायचं, एक एक करत तीन दिवे लागेपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्यात मागनं ते एलियन जनावर येऊन मारू शकतं. अर्धा तास खेळलेलं गेलं. मी त्या मशीनपुढं श्वास धरून उभा राहायचो बे, खरंच. इथं मला मेल्यावर काय गेलं? काहीच नाही. दुसऱ्यांदा त्याच बोळातनं पळताना मी मोबाईलवर मेसेज बघत होतो.

रात्रपाळी
दुसऱ्यांदा भीती गेली असं तूच म्हणालास, मी तेच म्हणतोय की! मरण परत परत आलं की भीती मरते. चौथ्यांदा मेलं की राक्षस राक्षस राहत नाही, तो कुठनं वळतो आणि किती सेकंदांनी वळतो त्याचं गणित होतं नुसतं. सोमा गेम बघ, 2015 चा, समुद्राच्या तळाशी आहे सगळा. 2017 च्या डिसेंबरात तो बनवणाऱ्यांनीच त्यात सेफ मोड आणला, राक्षस फिरतात पण मारत नाहीत. मी तसाच खेळलो आणि आपण नेमके कोण हा त्यातला प्रश्न मला दोन दिवस झोपू देत नव्हता.

होटगीरोड
सेफ मोड मीही खेळलो. राक्षसाच्या शेजारी उभा राहून त्याला वरखाली बघत होतो, पिंजऱ्यातला वाघ बघावा तसा. विचार करायला लावणारी गोष्ट म्हणून सोमा एक नंबर, पण विचार वेगळा आणि भीती वेगळी. आणि ह्या रिगवर तर जिथं चढायचं तिथं पिवळा रंग फासलाय, रस्ता चुकायचीसुद्धा भीती ठेवली नाही. 2025 ला ह्या गेमला तीन बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचे गेम पुरस्कार, मिळाले म्हणतात, त्यातले दोन अभिनयाचे. बघा की, कौतुक आवाज देणाऱ्यांचं झालं.

शेंगाचटणी
पिवळ्या रंगाचं मलाही खटकलं, पण बाकीचं ऐका दादा. माझे काका मुंबई हायला, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, कामाला होते, 14 दिवस समुद्रात, 14 दिवस सोलापुरात. मी खेळत होते तेव्हा ते मागं पलंगावर बसून बघत होते. सुरुवातीला कॅझ कँटीनमधनं हिंडतो, राक्षसाचा पत्ता नाही, आणि काका विचारायला लागले, लाईफबोट कुठल्या बाजूला आहे, जमायची जागा कुठं लिहिलीय, बघून घे आधी. मी गेममध्ये जिन्यावरनं पळाले की काका ओरडायचे, कठडा धर. मला तिथंच धडधडायला लागलं.

2005 ला, 26 जुलैला मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मला बोट धडकली आणि आग लागली, 22 जण गेले. काका दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर होते, ते ह्याबद्दल बोलत नाहीत. गेम आहे त्याच उत्तर समुद्रात 1988 ला पायपर अल्फा हा तेलाचा प्लॅटफॉर्म जळाला, 167 माणसं गेली. रिगवर पळून जायचं कुठं, चारी बाजूला पाणी. ही भीती चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर परत सुरू होतं ती जागा, जवळ आहे का लांब त्यावर ठरते का?

होटगीरोड
ताई, काकांची भीती खरी आहे, तिला मी काही म्हणत नाही. पण ती काका घेऊन आलेत. माझ्यासारखा माणूस, ज्यानं समुद्र अलिबागला एकदा बघितलाय, त्याला ती भीती गेमनं द्यायला पाहिजे आणि ती द्यायचं गेमकडं एकच साधन आहे, चुकलं तर किंमत. कॅझ मेल्यावर काका काय म्हणाले?

शेंगाचटणी
पहिल्यांदा मेला तेव्हा काहीच नाही. परत उठून पळायला लागला तेव्हा म्हणाले, हा उठला, मग तो स्वयंपाकी दोस्त आणि बाकीची पोरं का उठत नाहीत? मग आत जाऊन झोपले. पुढचं बघायला आले नाहीत.

रात्रपाळी
गमवायला काय आहे विचारत होतास ना, ते हे. रॉय म्हणजे कॅझचा तोच स्वयंपाकी दोस्त, इन्सुलिनवर जगणारा. त्याच्यासाठी मी जेवढा जीव तोडून पळालो तेवढा स्वतःच्या कॅझसाठी नाही पळालो.

होटगीरोड
रॉयचं मलाही लागलं, खोटं नाही बोलणार. तरी माझं मत तेच राहील, रॉयसाठी पळताना मी चुकलो असतो आणि त्यामुळं त्याला उशीर झाला असता, तर ते मला जन्मभर लक्षात राहिलं असतं. इथं मी कितीही चुकलो तरी त्याचं जे व्हायचं ते ठरलेलंच आहे. शनिवारी परत लावतो, ह्या वेळी दिवे बंद करून आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.