मलेरियाचं मॉडेल: डासाचं आयुष्य घटवलं तरी आर-नॉट सूत्राइतका का उतरत नाही?

प्रश्न

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी रॉस-मॅकडोनाल्ड मॉडेल घेतलंय, म्हणजे रॉस आणि मॅकडोनाल्ड या शास्त्रज्ञांचं मलेरियाच्या प्रसाराचं गणित. माणसांचे दोन गट: निरोगी आणि बाधित. डासांचे तीन: निरोगी, परजीवी अंगात वाढतोय असे, आणि संसर्ग देऊ शकणारे. परजीवी तयार व्हायला १० दिवस धरलेत, म्हणून मधल्या गटातून बाहेर पडण्याचा दर १/१० ठेवला. डास रोज जगण्याची शक्यता ०.९ वरून ०.८ वर आणली की मॅकडोनाल्डच्या सूत्राने आर-नॉट (एका बाधित माणसापासून सरासरी किती जणांना नवी बाधा होते तो आकडा) जवळजवळ सातपट उतरतो. माझ्या समीकरणांतून फक्त ३.३ पट. कोड पुन्हा पुन्हा तपासलाय. फरक कुठून येतोय? आणि सूत्रात चावण्याच्या दराचा वर्ग का असतो, हेही कुणी सांगेल का?

प्रतिसाद १

वर्गाचं आधी सांगतो. डासाच्या एकाच मादीला दोनदा चावावं लागतं: आधी बाधित माणसाला, मग निरोगी माणसाला. म्हणून माणसांना चावणं निम्म्यावर आलं तर आर-नॉट पाव होतो. डासांची संख्या निम्मी केली तर तो फक्त निम्मा होतो.

प्रतिसाद २

कोड बरोबरच असणार, फरक त्या १/१० मध्ये आहे. सरासरी १० दिवसच येते, पण वितरण घातांकी होतं, म्हणजे पहिल्याच दिवशी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास डास तयार होऊन पुढे सरकतात. खऱ्या डासात असं घडूच शकत नाही. पोटाच्या भिंतीवर परजीवीची गाठ धरते, दिवसेंदिवस फुगते, फुटते, मग बीजाणू लाळग्रंथींपर्यंत पोचतात. तोवर त्या मादीच्या चाव्यातून मलेरिया जात नाही. तेवढे दिवस तिला जगून काढावेच लागतात.

आता आकडे बघा. दहा दिवस जगून काढण्याची शक्यता म्हणजे ०.९ चा दहावा घात ०.३५, ०.८ चा ०.११. तुमच्या समीकरणांत या जागी ०.४९ आणि ०.३१ येतात. दुसऱ्या जोडीत केवढी सूट मिळाली! मलेरिया पसरवते ती म्हातारी मादी, आणि तुमच्या मॉडेलमध्ये तरुण माद्याही ते काम करताहेत.

मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण धोरणं यावर ठरली. रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात परजीवी पाहिला आणि पुढे समीकरणंही मांडली, पण त्याचा भर डासांची संख्या घटवण्यावर होता. मॅकडोनाल्डने १९५० च्या दशकात दाखवलं की खरा परिणाम आयुष्य घटवल्याने होतो. रक्त पिऊन मादी भिंतीवर टेकते, तिथे फवारलेलं डीडीटी तिला म्हातारी होऊ देत नाही. घरात फवारणी करण्यामागचं गणित ते हेच.

उपाय दोन. विलंब समीकरणं वापरा, ज्यांत बरोबर १० दिवसांचा उशीर धरलेला असतो, म्हणजे उत्तर सूत्राशी जुळेल. ती जड वाटली तर मधल्या गटाचे एकापाठोपाठ १० खण करा, प्रत्येकातून बाहेर पडण्याचा दर रोजचा १.

प्रश्नकर्ती

खण करून पाहिले, घट ५.८ पट आली! विलंब समीकरणंही लिहायला घेते. पण ०.९ किंवा ०.८ हा आकडा प्रत्यक्षात मोजतात कसा?

प्रतिसाद २

अंडाशय उघडून. मादी पाण्याच्या थेंबात घेऊन सुईने शेपटाकडचा भाग ओढला की अंडाशय बाहेर येतात. ते सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. एकदाही अंडी घातली नसतील तर त्यावरच्या बारीक श्वासनलिकांची टोकं गुंडाळलेली दिसतात. एकदा घातली की ती उलगडतात, पुन्हा गुंडाळत नाहीत. समजा ७३ टक्के माद्यांनी अंडी घातलेली निघाली आणि रक्त पिण्यापासून अंडी घालण्यापर्यंतचं चक्र ३ दिवसांचं आहे, तर ०.७३ चं घनमूळ काढा: ०.९. यात मृत्युदर सगळ्या वयात सारखा धरलाय, तो तसा नसतो. प्रोजेक्टमध्ये हे स्पष्ट लिहा.

प्रतिसाद ३

१० दिवसही स्थिर ठेवू नका, ताई. तापमानावरून दिवस काढायच्या नेहमीच्या सूत्राप्रमाणे फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीला तयार व्हायला २५ अंश सेल्सियसला साधारण १२ दिवस लागतात, २० अंशांना जवळजवळ २८. जगण्याची शक्यता ०.९ च ठेवली तरी तेवढे दिवस काढणाऱ्या माद्या २७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येतात. रोजचं तापमान घालून आलेख काढा आणि इथे टाका, मला बघायचाय.