जपानी आरपीजी: मनात राहिलेले आणि मनातून उतरलेले खेळ

गेल्या चवथीला आरत्या आटोपल्यावर आम्हा भावंडांत जपानी आरपीजींवरून, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन गोष्टीतून पुढे जायच्या व्हिडिओ गेमवरून, जो वाद पेटला, तो रात्री दीडपर्यंत विझला नाही. तेव्हाच ठरवलं, गोव्यातल्या इतर खेळणाऱ्यांनाही विचारायचं. कुठला खेळ मनात राहिला, कुठल्यावर राग आहे, ते लिहा. दहापैकी आठ असले गुण नकोत. खेळताना तुमचं काय झालं ते हवं. आणि मोठं रहस्य फोडणार असाल तर आधी सांगा.

सुरुवात मीच करतो. मी वाळपईचा. चौथीपर्यंत शाळा मराठीत, पाचवीपासून एकदम सगळं इंग्रजीत. त्याच वर्षी चुलतभावाच्या संगणकावर 'क्रोनो ट्रिगर' हा काळात मागेपुढे फिरायचा खेळ एमुलेटरवर, म्हणजे कन्सोलचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, हाती लागला. खेळ 1995 चा. 'ड्रॅगन क्वेस्ट'चे युजी होरी, 'फायनल फँटसी'चे हिरोनोबू साकागुची आणि चित्रकार अकिरा तोरियामा एकाच खेळासाठी एकत्र आले होते, याचं मोल तेव्हा कुठलं कळायला! मी मांडीवर शब्दकोश घेऊन बसायचो. 'ट्रायल' म्हणजे खटला हे मला शाळेत नाही, तिथे कळलं. सुरुवातीच्या जत्रेत मी दुसऱ्याचं जेवण खाऊन टाकलं होतं, ते पुढे कोर्टात माझ्याविरुद्ध निघालं.

पण मनात राहिला तो रोबो, आपल्या सोबतचा यंत्रमानव. एका वाळवंटाचं जंगल करायला तो मागे थांबतो. आपण कालयानात बसून क्षणात पुढे जातो, तो मात्र 400 वर्षं राबून गंजलेला सापडतो. त्याच रात्री शेकोटीपाशी सगळे झोपलेले असताना आपली सोबतीण लुक्का उठते आणि आपल्याच लहानपणात पोचते. तिच्या आईचे पाय यंत्रात अडकणार असतात. यंत्र थांबवायचा पासवर्ड म्हणजे आईचं नाव, लारा. कंट्रोलरची एल, ए, आर, ए ही बटणं ओळीने दाबायची. आमच्याकडे कीबोर्ड होता आणि कुठली कळ म्हणजे 'एल' हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वेळ संपली. पुढचा सगळा खेळ मी तसाच खेळलो, आणि लुक्काच्या घरात गेलो की खुर्चीवर बसलेल्या लाराकडे बघवायचं नाही.

डिचोलीहून

'फायनल फँटसी 7' बद्दल लिहितो. त्यातल्या एरिथ या नायिकेचं काय होतं ते आता जगाला माहीत आहे, त्यावर मी काही लिहिणार नाही. मला त्यातल्या कोरेल गावाबद्दल बोलायचंय.

माझे बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, ट्रक आमचाच. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा मी अकरावीत होतो. ट्रक दारात उभा राहिला, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. मधे काम थोडं सुरू झालं, 2018 च्या मार्चात पुन्हा बंद. खेळ 1997 चा, तीन सीड्यांचा. मी नववीत खेळलो होतो तेव्हा त्यातला सोबती बॅरेट म्हणजे हाताला बंदूक लावलेला आरडाओरड करणारा माणूस, एवढंच वाटलं. 2013 मध्ये परत खेळलो आणि कोरेलला पोचल्यावर हात थांबला.

कोरेल हे बॅरेटचं, कोळशाच्या खाणीचं गाव. शिन्रा कंपनी तिथे माको रिअ‍ॅक्टर, म्हणजे जमिनीतली ऊर्जा ओढणारं वीजकेंद्र, बांधायला येते. बॅरेटचा मित्र डाइन एकटा विरोध करतो. बॅरेट म्हणतो, आता कोळसा कोण वापरतो, होऊ दे. पुढे रिअ‍ॅक्टरमध्ये स्फोट होतो, शिन्रा गावावर आळ घेते आणि गाव जाळून टाकते. बॅरेट परततो तेव्हा गावचेच लोक त्याला मारतात, आणि तो उलट हात उगारत नाही.

आमच्या गावातही दोन बाजू होत्या. कुणाच्या विहिरी आटल्या, शेतात खाणीची माती आली. कुणाची चूल ट्रकवर पेटत होती. दोन्हीकडचे लोक एकाच देवळात आरतीला उभे राहायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. बाबा गप्प असायचे. त्या खेळाने मला पहिल्यांदा दाखवलं की 'होऊ दे' म्हणणारा माणूस वाईट नसतो, आणि तरी त्याला ते आयुष्यभर वाहावं लागतं.

आणखी एक. पत्र्याच्या झोपड्यांत उरलेल्या त्या कोरेलहूनच रोपवे वर 'गोल्ड सॉसर' या करमणूक नगरीला जातो. दिवे, जुगार, चोकोबो नावाच्या मोठ्या पक्ष्यांच्या शर्यती. रात्री पणजीच्या पुलावरून मांडवीतले कॅसिनो बघतो तेव्हा मला दर वेळी ते आठवतं.

राग याच खेळाच्या नव्या रूपावर, 2024 च्या 'रीबर्थ'वर. तिथे कोरेल सुंदर उभं केलंय, पण मधे इतके छोटे-छोटे खेळ कोंबलेत की दुःखाला बसायला जागाच मिळत नाही.

मडगावहून

डिचोलीकर, तुमचं वाचून मी परत कोरेलपर्यंत जाणार हे नक्की. माझं थोडक्यात: 'फायनल फँटसी 10'. थंडर प्लेन्स नावाच्या मैदानात अंगावर पडणाऱ्या लागोपाठ 200 विजा चुकवल्या की लुलू या सोबतिणीच्या खास शस्त्राचा एक भाग मिळतो. ऐन जुलैत, एकशेसाठच्या पुढे असताना, घरची वीज गेली. परत शून्यापासून. इतक्या देखण्या खेळात अशी शिक्षा का ठेवावी? नायिका युना पाण्यावर नाचत मेलेल्यांना निरोप देते तो प्रसंग मी कितीही वेळा बघेन; त्या विजा पुन्हा नाही.

फोंडा तालुक्यातून

आमच्या देवळाच्या जत्रेला दरवर्षी गावच्या लोकांचं मराठी नाटक असतं. मी वीस वर्षं त्यात उभा राहतोय, म्हणून 'फायनल फँटसी 6' (1994) मधल्या ऑपेराबद्दल माझं मत जरा वेगळं असेल.

लोक त्या प्रसंगाच्या संगीताबद्दल बोलतात. नोबुओ उएमात्सूंचं संगीत आहेच तसं. मला धरलं ते पडद्यामागच्या धावपळीने. नायिका मारिया हिला रंगमंचावरूनच पळवून नेणार असं पत्र येतं, म्हणून तिच्यासारखी दिसणारी सेलीस, जी सेनापती आहे आणि जन्मात गायली नाही, तिला उभी करतात. आपण आधी आत बसून तिच्या ओळी वाचायच्या. मग रंगमंचावर योग्य ओळ निवडायची. चुकली की प्रयोग मोडतो. माझ्या पहिल्या नाटकात मुख्य नट तापाने आडवा झाला आणि दुपारी मला सांगितलं, रात्री तू. विंगेत उभं राहून ओळी पुटपुटताना पोटात जो गोळा येतो, तो मला त्या चिमुकल्या चित्रांच्या खेळात पुन्हा जाणवला. किती बारकाईने पाहिलंय त्या लोकांनी नाटक!

2022 च्या पिक्सेल रीमास्टर या नव्या आवृत्तीत खरे गायक गातात. चांगलं केलंय, पण मला जुनंच जवळचं. तिथे यंत्राचा शब्दांविना सूर असतो, आणि ओळ आपण मनातल्या मनात गातो.

म्हापशाहून

आमचं बाजारात किराणा दुकान, आजोबांपासूनचं. 'पर्सोना 4 गोल्डन' 2020 मध्ये पीसीवर आला तेव्हा घेतला. खुनांचा तपास, धुकं, टीव्हीच्या आतलं जग, सगळं छानच. पण इनाबा गावात 'जुनेस' नावाचं मोठं दुकान आलंय आणि जुन्या बाजारपेठेची एकेक शटर उतरतायत, हे ज्या शांतपणे दाखवलंय ते मला सर्वांत लागलं. साकी कोनिशी या मुलीच्या घरचं दारूचं दुकान त्या जुन्या पेठेत, आणि ती नोकरी करते जुनेसमध्ये. तिला दोन्हीकडून ऐकावं लागतं. माझी बहीण मॉलमध्ये कामाला लागली तेव्हा शेजारचे दुकानदार बाबांना जे बोलले, ते मला अजून पाठ आहे. शुक्रवारी गर्दी होते आमच्याकडे, पण ती आता बहुतेक फिरायला आलेल्यांची.

'पर्सोना 5' मात्र मला फार लांबला. शंभर तास, आणि प्रत्येक गोष्ट तीनदा समजावतात.

वास्कोहून, सध्या सुट्टीवर

मी बोटीवर असतो, नऊ महिन्यांचं कंत्राट. नवीन होतो तेव्हा इंटरनेट महाग, म्हणून पीएसपी हे हातात धरायचं गेमयंत्र आणि 'पर्सोना 3 पोर्टेबल'. लढत लढत चढायचा टार्टारसचा मनोरा कंटाळवाणा आहे, मजल्यामागून तसाच मजला, हे कबूल. पण त्या खेळाला कॅलेंडर आहे. एप्रिल 2009 पासून एकेक दिवस जातो आणि दर पौर्णिमेला मोठं संकट येतं. डेकवर जाऊन खरा चंद्र बघायची मला सवय लागली.

त्यात अकिनारी नावाचा आजारी तरुण आहे. तो फक्त रविवारी देवळापाशी भेटतो आणि एका गुलाबी मगरीची गोष्ट लिहीत असतो. त्याला फार दिवस नाहीत. मी त्याला माझ्याही रविवारीच भेटायचो. आठवड्यातून एकदाच, घरी फोन झाल्यावर. त्याने वही हातात दिली त्या रविवारी मी पुढे खेळलो नाही. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो, त्या कंत्राटावरून घरी आलो तेव्हा आईने विचारलं, इतका का गप्प? मला सांगता आलं नाही.

पणजीहून

मी कॉलेजात आहे. 'एक्सपिडिशन 33' खेळलो आणि पाळीपाळीने लढण्याची गोडी लागली, पण तो तर फ्रेंच लोकांनी केलेला. तुम्ही सगळे सांगताय ते जुने खेळ. सुरुवात कशाने करू? परीक्षेआधी तीन आठवडे आहेत.

वाळपईहून

तीन आठवड्यांत पर्सोनाच्या वाटेला जाऊ नकोस. 'क्रोनो ट्रिगर' घे, पीसीवर मिळतो, वीस-पंचवीस तासांत होतो. रोबोला मागे ठेवून पुढे जाण्याआधी एक वेगळं सेव्ह करून ठेव. कुठलं बटण कुठे आहे ते आधी बघून घे. आणि लुक्काच्या आईचं नाव विसरू नकोस.