मदत हवी आहे: भावाचा मधुमेह टाइप २ नसावा, असं नवीन डॉक्टर म्हणतायत

नमस्कार. जरा लांब लिहितेय, पण कृपया पूर्ण वाचा.

माझा धाकटा भाऊ, वय ३१. बार्शीजवळ आमचं गाव, तिथे शेती आणि दुधाचा धंदा बघतो. अंगाने पहिल्यापासून सडपातळ. मागच्या उन्हाळ्यात सारखी तहान, रात्री चार-चारदा लघवीला उठणं सुरू झालं. तपासलं तर उपाशीपोटी २४८, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) १०.९. आजोबांना साखर होती म्हटल्यावर टाइप २ ठरला आणि गोळ्या सुरू झाल्या. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

चार महिने बरे गेले. दिवाळीनंतर साखर पुन्हा चढली, एका गोळीच्या तीन झाल्या. वजन ६३ वरून ५२. संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा त्याचा पट्टा खुंटीला दिसला. मूळच्या भोकांपुढे आणखी तीन भोकं होती, तापलेल्या खिळ्याने पाडलेली, कडा जळून काळ्या झालेल्या. पट्टा हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.

आईला वाटतं पथ्य कमी पडतंय. भात बंद, भाकरी अर्धी, सकाळी कारल्याचा रस. साखर वाढली की ती जेवण आणखी कमी करते.

गेल्या आठवड्यात हट्टाने त्याला सोलापूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याचीच प्रतिकारशक्ती मारत असावी. लहान मुलांत हे झपाट्याने होतं, मोठेपणी सावकाश, म्हणून सुरुवातीला गोळ्या लागू पडल्यासारख्या वाटतात. त्याला लाडा म्हणतात. सी-पेप्टाइड आणि गॅड अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीचा हा हल्ला रक्तात दिसतो का, ते बघणारी) अशा दोन तपासण्या लिहून दिल्या, शिवाय इन्सुलिन लगेच सुरू करा म्हणाले.

ती चिठ्ठी आईने देव्हाऱ्यात ठेवलीय. "एकदा सुई लागली की सुटत नाही," म्हणते. आजोबांना शेवटच्या वर्षी इन्सुलिन दिलं, त्याच वर्षी त्यांचा पाय कापला आणि ते गेले. तिच्या मनात सुई आणि पाय एकच झालेत.

रिपोर्ट येईपर्यंत थांबलं तर चालेल का? कुणाला मोठेपणी असं निदान झालंय का? आणि गावात वीज जाते, तिथे इन्सुलिन ठेवायचं कसं?

रानजाई:
ताई, थांबू नका. मला ३६व्या वर्षी हेच झालं, दोन वर्षं टाइप २च्या गोळ्या खात होते. इन्सुलिन सुरू केल्याने तपासणी वाया जात नाही. आपलं शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा सी-पेप्टाइड हा तुकडा सुटतो. टोचायच्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, त्यामुळे स्वतःचं किती बनतंय ते नंतरही कळतं.

भाकरी तोडू नका. इन्सुलिनच नसेल तर खाल्लेलं पेशींत जात नाही, शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत बसतं. वजन त्यानेच उतरतंय. यातून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात, ती जिवावर बेतू शकतात. उलट्या, पोटदुखी, धाप, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, यातलं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल. गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा. त्या गोळ्यांवर साखर फार चढलेली नसतानाही कीटोन वाढू शकतात.

आईंना एवढं सांगा, पाय सुईने जात नाही. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की पाय बधिर होतात, रक्तपुरवठा घटतो, जखम कळत नाही आणि चिघळते. आजोबांच्या वेळी इन्सुलिन बहुधा फार उशिरा आलं.

निवांत:
सहमत. फक्त सडपातळ म्हणजे टाइप २ नाहीच, असं मात्र नाही. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय. आणि आजोबा, वडील, मुलगा अशा सलग पिढ्यांत तरुणपणीच साखर असेल तर मोडी नावाचा जनुकीय प्रकारही असतो. म्हणून तपासणी कराच, अंदाजावर राहू नका.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलं तर टाकून द्यायचं. वीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात डब्यात बंद करून. सावलीत ठेवा, वाळू सुकू देऊ नका. वापरातलं किती दिवस चालतं ते त्याच्या कागदावर असतं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. पायाबद्दलचं तिने दोनदा वाचायला लावलं, मग बराच वेळ गप्प होती. भावाकडून गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मागवला, तिसऱ्या गोळीवर डापाग्लिफ्लोझिन लिहिलंय. सोलापूरच्या डॉक्टरांना लगेच फोन केला. कालपासून मळमळतंय हे तेव्हा भावाने पहिल्यांदा सांगितलं. ती गोळी आता घेऊ नका आणि उद्यावर न टाकता आजच या, म्हणाले. चिठ्ठी आईनेच देव्हाऱ्यातून काढून दिली. शेजाऱ्यांची गाडी मिळालीय, ते निघालेत.