मदत हवी आहे : थंडीआधी अंगणातली हरळी, गुलाब आणि केळी

गिरणाकाठ :
जळगावात घरापुढे ३०० चौरस फूट हरळीची लॉन आहे, जमीन काळी. कडेला ६ गुलाब, कढीपत्ता आणि केळीचं बेट. एका केळीला घड लागलाय. गेल्या जानेवारीत लॉन पिवळी पडली म्हणून युरिया टाकला, रोज पाणी दिलं. सुधारली नाहीच, वर गोल चट्टे पडले. यंदा आत्तापासून काय करू?

वाफसा :
हरळी उन्हाळी गवत. रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास आला की वाढ थांबते, पातं पिवळं पडतं, मरत नाही. एक काशी (जमिनीखालचं आडवं खोड) उपटून नखाने खरवडा. आत पांढरट, ओलसर असेल तर जिवंत आहे. झोपलेल्या गवताला युरिया आणि रोजचं पाणी दिलं की बुरशीचं फावतं. चट्टे बहुधा बुरशीचेच.

आता जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, अशी येऊ द्या. मुठीत दाबलेला गोळा बोटाने फुटला पाहिजे. ओल जास्त असताना सळई खुपसली तर काळ्या मातीत भोकाची कड गिलाव्यासारखी गुळगुळीत होते, मग पाणी मुरत नाही. दाताळ्याने वाळलेलं गवत ओढून काढा, टोकदार सळईने वीतभर अंतरावर ३-४ इंच खोल भोकं पाडा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. वर चाळलेलं कुजलेलं शेणखत आणि नदीची वाळू निम्मी-निम्मी, अर्धा सेंटिमीटर थर: २० लिटरच्या ७ बादल्या लागतील. खराट्याने भोकांत लोटा. शेण कच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आलीच.

म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशचं खत) २५० ग्रॅम, कोरड्या वाळूत मिसळून, पातं कोरडं असताना फेका आणि लगेच पाणी द्या, नाहीतर पातं करपतं. युरिया फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद. कापणी इंचाऐवजी दीड इंचावर. पाणी ४-५ दिवसांनी, ऊन पडल्यावर.

केळीबेट :
केळीचं गणित उलटं. १६ अंशांखाली तिची वाढ मंदावते, म्हणून कडाक्याच्या रात्री संध्याकाळीच बोअरचं पाणी द्या. ते कोमट असतं, गच्चीवरच्या टाकीतलं गारठलेलं. घडाला रावेर-यावलकडच्या केळीबागांत वापरतात ती स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पिशवी) चढवा, खालचं तोंड उघडं. हिरवी पानं कापू नका. ऊब राहावी म्हणून शेतात धूर करतात. कॉलनीत तो नको, शेजारी भांडायला येतील.

गुलाबांची छाटणी राहिली असेल तर या आठवड्यात उरका: बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर पाव इंच सोडून तिरपा काप. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळीच. भर उन्हात पानं भाजतात. कढीपत्त्याची पानं गळली तरी खत घालू नका.

गिरणाकाठ :
गुलाबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. थंडीनेच का?

वाफसा :
नाही, लोहाची कमतरता. जमिनीत चुनखडी असली की लोह असूनही मुळांना मिळत नाही. फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि लिंबूसत्व १ ग्रॅम एका लिटर पाण्यात, १० दिवसांच्या अंतराने २ फवारे, तेही संध्याकाळी. गंधकाच्या फवाऱ्यात हे मिसळू नका. आणि फरशीवर आधी गोणपाट टाका, गंजाचे डाग निघत नाहीत.